साहेब सेकंडहँड, थाट फर्स्टक्लास!

नांद्यातल्या कुठल्याही नव्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एक चक्कर मारा. पांढऱ्या कॉम्पॅक्ट एसयूव्ही ओळीने उभ्या असतात, शाळेच्या प्रार्थनेला उभी असावीत तशी पोरं. मधेच एखादी इलेक्ट्रिक गाडी चार्जरची वायर लावून झोपलेली. आणि कोपऱ्यात, खांबाच्या आडोशाला, एक बुटकी, लांब नाकाची, दहा-बारा पावसाळे पाहिलेली जर्मन सेडान. तिच्या मालकाकडे बघण्याच्या लोकांच्या दोनच नजरा असतात. पहिली, 'साल्याकडे भरपूर पैसा दिसतोय.' दुसरी, 'साला पुरता फसलाय!'

बॉस, दोन्ही नजरा चुकीच्या आहेत. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण त्यातली एक गाडी माझी आहे.

ब्रँड सांगणार नाही. या कॉलममध्ये कुणाची फुकट जाहिरात नको आणि बदनामीही नको. एवढंच सांगतो, डिझेल, ऑटोमॅटिक, २०११ ची नोंदणी. शोरूममधून बाहेर पडली तेव्हा पस्तीस लाखांच्या घरात होती. मी २०२० मध्ये घेतली, साडेसात लाखांना. आता तिची पंधरा वर्षं भरत आली आहेत, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण दारात उभं. त्यातच घरात दोघं आयटीतले, आणि बायको दोन महिने बेंचवर. फ्लॅटचा हप्ता कुणासाठी थांबत नाही. तेव्हा 'ठेवायची की काढायची' हा प्रश्न आमच्याकडे सध्या चहासोबत बिस्किटासारखा रोज येतो. म्हटलं, गणित तुमच्यासमोरच मांडू. तुमच्यापैकी किती जणांच्या मोबाइलवर अशाच एखाद्या गाडीचा फोटो सेव्ह करून ठेवलेला आहे, हे काय मला माहीत नाही?

ही जमात आली कुठून?

'कॉम्पॅक्ट एक्झिक्युटिव्ह' हे नाव तिकडचं. अर्थ साधा: साहेबाची गाडी, पण लहान साहेबाची. मागे बसून पेपर वाचणाऱ्या चेअरमनची नव्हे, स्वतः चालवत ऑफिसला जाणाऱ्या मॅनेजरची. बीएमडब्ल्यूने १९७५ मध्ये थ्री सिरीज आणली. मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० हे मॉडेल काढलं, ज्याला लोक लाडाने 'बेबी बेन्झ' म्हणायचे. १९९३ मध्ये त्याची जागा सी क्लासने घेतली. ऑडीची ए फोर १९९४ ची. मोठ्या गाडीचं सस्पेन्शन, ब्रेक, गिअरबॉक्स यांचं सगळं शहाणपण लहान अंगात भरायचं, हा या जमातीचा फंडा.

आपल्याकडे या गोष्टीला चक्क गावकीचा वास आहे. मर्सिडीज भारतात जुळायला लागली ती १९९५ मध्ये, आपल्या पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. २००९ मध्ये त्यांनी चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. २००१ मध्ये स्कोडाने औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्यात ऑक्टाव्हिया जुळवायला घेतली आणि पुढे ऑडीच्या गाड्याही तिथेच जुळू लागल्या. बीएमडब्ल्यू तेवढी २००७ मध्ये चेन्नईला गेली. ऑक्टाव्हिया काटेकोर व्याख्येत बसत नाही, मान्य. पण हिंजवडीच्या पहिल्या पिढीतल्या प्रोजेक्ट मॅनेजरांना 'साहेबाची गाडी' म्हणजे काय हे तिनेच शिकवलं. दार लावल्यावर येणारा तो 'धप्प' आवाज आठवतोय ना? बस्स, तोच.

माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं मशिनवर उभे होते. स्वतःकडे स्कूटर सोडून काही नाही. माझी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी सीटला हात लावला नाही. खाली वाकून चाकाच्या आत बघितलं आणि म्हणाले, "चांगलं काम केलंय पोरांनी." ही पोरं म्हणजे जर्मनीतली नव्हेत, असेंब्ली लाइनवरची!

लोखंड म्हातारं होत नाही, रबर होतं

आता मुद्द्याचं. अशी गाडी स्वस्त का मिळते? कारण पहिला मालक नवेपणाचे, वॉरंटीचे आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्याचे पैसे देतो. हे तिन्ही पाच वर्षांत संपतं. दुसऱ्या मालकाला पार्ट्सच्या किमतीची धडकी भरते, म्हणून भाव कोसळतो. पण लक्षात ठेवा, किंमत साडेसात लाखांवर आली तरी पार्ट्स पस्तीस लाखांच्याच गाडीचे राहतात. गाडी सेकंडहँड होते, तिचं बिल कधीच होत नाही.

चांगली बातमी अशी की अशा गाडीचं इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतात आजूबाजूची मंडळी: रबर, प्लास्टिक, तेल, पाणी आणि वायर.

रबर आधी बघू. या गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये एका चाकाला एक नव्हे, तीन-तीन, चार-चार आर्म असतात. त्यामुळे चाक वळणावर रस्त्याला चिकटून राहतं. पण प्रत्येक आर्मच्या टोकाला रबरी बुश आणि बॉल जॉइंट. आणि आमचा सूस खिंड ते नांदे हा रस्ता काय सांगावा! सूस आणि म्हाळुंगे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, आम्ही अजून गावातच. बांधकामांमुळे डंपर, काँक्रीट मिक्सर आणि पाण्याचे टँकर यांची दिवसभर मिरवणूक. वर स्पीडब्रेकर असे, की त्यांची उंची ज्याने त्याने आपापल्या मूडप्रमाणे ठरवलेली. पाच वर्षांत माझे पुढचे लोअर आर्म दोनदा बदलले. हा दोष म्हणू नका, हे बुटाचे तळवे झिजण्यासारखं आहे.

दुसरं तेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलायची गरज नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. त्याला विचारा, लाइफ कुणाची? गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच सांगते, की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदला. जो बनवतो त्याचं ऐकायचं. ऑइल बदलायला काही हजार लागतात, गिअरबॉक्स उघडायला काही लाख. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी. कूलंटमध्ये नळाचं पाणी टाकून 'काम चालवणारा' मेकॅनिक दिसला तर नमस्कार करून निघून यायचं.

तिसरं टायमिंग चेन. 'चेन आहे, बेल्ट नाही, म्हणजे टेन्शन नाही' हे अर्धसत्य आहे. काही जर्मन डिझेल इंजिनांत ही चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली असते. चेन फार महाग नसते. तिच्यापर्यंत पोहोचायला जे सगळं उतरवावं लागतं त्याची मजुरी महाग असते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना मागून खरखर आली तर रेडिओचा आवाज वाढवू नका, गॅरेजला फोन करा.

चौथं पाणी. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहितीये. सनरूफच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. झाडाखाली गाडी लावली की पानं आणि माती त्यात अडकते, पाणी आत उतरतं आणि पायाखालच्या कार्पेटच्या पोटात साचतं. तिथेच काही गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्सची डबडी बसवलेली असतात. मे महिन्याच्या शेवटी त्या नळ्या साफ करून घेणं हे आमच्याकडे लोणच्याच्या कैऱ्यांइतकंच ठरलेलं काम आहे.

आणि पाचवे, उंदीर! हसू नका. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला टॉवर, मधे आमचं पार्किंग. शेतं खणली गेली की उंदरांनी जायचं कुठे? गरम बॉनेटखाली! मागच्या दिवाळीत गावाहून आठ दिवसांनी परतलो, तर इंजिनची एक वायर कुरतडलेली आणि डॅशबोर्डवर दिव्यांची रोषणाई. अधिकृत सर्व्हिस सेंटरने अख्खं वायरिंग हार्नेस बदलायचं एस्टिमेट दिलं, एक लाख चाळीस हजार. सूस रोडच्या आमच्या गॅरेजवाल्या काकांनी तीन तारा जोडल्या, सोल्डर केलं, वर आवरण चढवलं. बत्तीसशे रुपये. वर म्हणाले, "सर, गाडी रोज थोडी हलवत जा. उंदराला भाडेकरू होऊ देऊ नका."

गणित मांडू या

पाच वर्षांत सर्व्हिस, टायर, बॅटरी, आर्म, उंदीर, सगळं धरून माझा वर्षाचा खर्च सरासरी ऐंशी हजार झाला. गाडी आज विकली तर साडेतीन लाख मिळतील. म्हणजे चार लाखांची घसरण, वर्षाला आणखी ऐंशी हजार. डिझेल आणि विमा सोडून ही गाडी मला वर्षाला एक लाख साठ हजारांना पडते. महिन्याला तेरा हजार तीनशे. ज्यांना वाटतं की जुनी गाडी फुकटात वापरायला मिळते, त्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

आता दुसरी बाजू. सोळा लाखांची नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही. तीन लाख भरले, तेरा लाखांचं कर्ज, सात वर्षं, नऊ टक्के. हप्ता जवळजवळ एकवीस हजार, वर्षाला अडीच लाख. सर्व्हिस वेगळी, आणि सात वर्षांनी हातात सात वर्षं जुनी गाडी. अर्थात, तेव्हा ती विकून काही लाख परत येतील, हेही धरलं पाहिजे. सगळं मिळून फरक वाटतो तितका प्रचंड नाही.

खरा फरक वेगळाच आहे. हप्ता ठरलेला असतो, पण थांबवता येत नाही. जुन्या गाडीचा खर्च बेभरवशाचा असतो, पण पुढे ढकलता येतो. घरात दोन पगार असतील तर पहिला प्रकार सुखाचा. एक पगार लटकलेला असेल तर दुसरा. बेंचवर बसलेली बायको हे माझ्यापेक्षा स्वच्छ सांगते: "अरे, गाडी दोन महिने उभी ठेवता येते. बँक उभी ठेवता येत नाही." तिनेच पुढे जोडलं, "पण ही गुंतवणूक आहे असं कुणाला सांगू नकोस. हौस आहे. हौसेला हौस म्हण, म्हणजे तिचं बजेट ठरवता येतं." कॉलम तिनेच लिहायला हवा होता.

विम्याची एक मेख बहुतेकांना माहीत नसते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. साडेतीन लाखांच्या गाडीला त्यासाठी पुलावरून पडायची गरज नाही. दोन एअरबॅग उघडल्या, हेडलाइट आणि रेडिएटर गेला, की संपलं. माणसं ठणठणीत, गाडी भंगारात. अशी गाडी चालवायची तर हे डोक्यात पक्कं ठेवून.

कागद आणि कायदा

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. खासगी कारसाठी ही फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, आयात केलेल्या गाडीला चाळीस हजार. वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी २०२५ मध्ये दुप्पट केली गेली. पर्यावरण कर वेगळा, आणि आरटीओत गाडी दाखवावी लागते ती वेगळीच. तेव्हा घेताना आरसी नीट वाचा: भारतात जुळलेली की बाहेरून आलेली?

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढे तिथले नियम हलत राहिले, पण या काळात चकाचक, कमी चाललेल्या गाड्या तिकडून इकडे आल्या. स्वस्त दिसतात. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि इथली नोंदणी हे तिन्ही मिळवून मग स्वस्ताई मोजा.

आणि हो, वेताळ टेकडीच्या कुशीतली आपली एआरएआय विसरू नका. २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाचं उत्सर्जन प्रकरण जगभर गाजलं, तेव्हा आपल्याकडे याच संस्थेने तपासणी केली. त्यानंतर समूहाने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यात ऑडी आणि स्कोडाही होत्या. त्या काळातली डिझेल गाडी घेत असाल तर हे काम झालंय का, हे चेसिस नंबरवरून विचारा. टाकाता एअरबॅगचंही तेच. त्यातलं रसायन वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत राहिलं की बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. कित्येक ब्रँडना त्यासाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, जर्मनही त्यात आले. बदललेली एअरबॅग फुकट मिळते. न बदललेली फार महाग पडते.

मग ठेवायची की काढायची?

मी या गाडीला एकाच कसोटीवर तोलतो. तिने आजच्या नव्या गाडीपेक्षा काय जास्त द्यावं? टचस्क्रीन, कॅमेरा, हवेशीर सीट यात ती हरणार हे उघडच. पण आपल्याकडे पुढच्या दोन्ही एअरबॅग सगळ्या कारना सक्तीच्या झाल्या २०२२ मध्ये. माझ्या गाडीत त्या, साइड एअरबॅग आणि घसरताना सावरणारं ईएसपी २०११ पासून आहे. ताम्हिणीच्या वळणावर ओल्या रस्त्यात ती ज्या शांतपणे वळते, ते माझ्या बजेटमधली नवी गाडी देत नाही. तसंही दर पंधरा दिवसांनी तिला पौडवरून लांब नेणं गरजेचंच आहे. नांदे ते हिंजवडी फेज थ्री एवढ्या अंतरात डिझेल इंजिन नीट तापतही नाही, ईजीआर व्हॉल्व्हमध्ये नुसती काजळी साचते.

तेव्हा निर्णय झालाय. नूतनीकरण करायचं, गाडी ठेवायची. पण डोळे मिटून नाही. महिन्याला सात हजार वेगळ्या खात्यात, गाडीसाठी. आणि थांबायच्या तीन रेषा आधीच आखल्या आहेत. एकाच दुरुस्तीला गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त लागले, तर काढायची. ब्रेक, स्टिअरिंग किंवा एअरबॅगचा अस्सल पार्ट मिळेनासा झाला, तर काढायची. आणि 'आज पोहोचू ना?' असं मनात न येता बायकोच्या हातात किल्ली देता येईनाशी झाली, तर त्याच आठवड्यात काढायची. तिसरी रेषा बाबांनी सुचवली. तेहतीस वर्षांत त्यांनी एकही मशिन प्रेमापोटी चालू ठेवलं नव्हतं. "जोवर भरवसा, तोवर मान," एवढंच म्हणाले.

जाता जाता, घेणाऱ्यांसाठी

• गाडी थंड असताना बघा. मालकाने आधीच 'गरम करून' ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा.

• टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारी टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाने इतर खर्चही असाच केलाय.

• स्टेपनी आहे का बघा. काही मॉडेलना रनफ्लॅट टायर असतात, स्टेपनी नसतेच. या टायरची किंमत विचारून मगच गाडीची विचारा.

• स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका. सगळे एरर कोड कालच पुसलेले दिसले तर तोही एक एररच.

• कार्पेट उचलून हात लावा. ओलं असेल तर सोडून द्या.

• सर्व्हिसची बिलं मागा. बिलं नसतील तर किलोमीटरचा आकडा ही फक्त एक कविता आहे.

• आणि शेवटचं. गाडी घेण्याआधी मेकॅनिक शोधा. लग्नाआधी भटजी ठरवतो, तसं. नंतर धावाधाव केलीत तर मुहूर्तही जातो आणि दक्षिणाही वाढते!